बसलेला वृद्ध, काम सुबक

मला वेंधळा म्हणायची पद्धत आमच्या घरात गेल्या महिन्यापासून पडली आहे. आधी नव्हती. उलट एकतीस वर्षं विमा कंपनीच्या कचेरीत डेडस्टॉकचं रजिस्टर माझ्या हातात होतं आणि त्यातली टाचणीसुद्धा कधी इकडची तिकडे झाली नाही. डेडस्टॉक म्हणजे टेबलं, खुर्च्या, कपाटं. जे जे आपणहून जागचं हलत नाही आणि पगारवाढ मागत नाही ते सगळं. प्रत्येकावर नंबर टाकायचा, रजिस्टरात वर्णन लिहायचं आणि वर्षातून एकदा फिरून नंबर जागेवर आहे का ते बघायचं. माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला होता: वस्तूकडे बघत बसायचं नाही, नंबराकडे बघायचं. खुर्चीकडे बघणारा माणूस हिचा हात कधी तुटला, गेल्या वर्षी ही हिरवी होती का, असल्या चिंतेत दिवस घालवतो. नंबराकडे बघणारा साडेपाचला घरी जातो. मी एकतीस वर्षं साडेपाचला घरी गेलो.

निवृत्त झाल्यावर मी घरातल्या वस्तूंवर नंबर टाकायला घेतले. फ्रीजवर टाकला, बायको काही बोलली नाही. तिच्या शिवणयंत्रावर टाकला तेव्हा मात्र तिने हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, “अहो, बाहेर जा. काय मोजायचं ते बाहेर जाऊन मोजा. जग मोठं आहे.”

त्याच आठवड्यात नगरपालिकेची जाहिरात आली. शहरातल्या प्रसिद्ध घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीच्या शिल्पांची नव्याने मोजणी करायची आहे, जाणकार आणि नीटनेटक्या नागरिकांनी पुढे यावं. ‘नीटनेटक्या’ हा शब्द वाचून मला कोणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखं वाटलं.

आता तो मनोरा काय सांगावा! बाहेरगावचा माणूस आधी त्याच्याबरोबर फोटो काढतो आणि मग लॉजवर सामान टाकतो. पण त्याच्या भोवती शिल्पं आहेत, हे कोणाला विचारून बघा. मी विचारलं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “दोन सिंह आहेत ना?” एकही सिंह नाही. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, “शिल्पं? मी तिथून चौदा वर्षं जातोय, मला तर कबुतरं दिसतात.” खुद्द माझ्या मुलीने कानातून इअरफोनचं एक बोंडूक काढून “कुठला मनोरा?” असं विचारलं. यात कोणाचा दोष नाही. मनोऱ्यापाशी गेलं की मान आपोआप वर जाते, आणि वर बघणाऱ्या माणसाला खाली कोण बसलंय याचा पत्ता लागत नाही.

जुन्या यादीप्रमाणे एकूण बावीस. मंगळवारी दुपारी मी स्टिकरचा गठ्ठा, वही आणि टोपी घेऊन निघालो. खरं सांगतो, पहिल्या तासात मी हरखून गेलो. एका शिंगाचा दगडी बैल, तोंड उघडं ठेवून पाण्याची वाट बघणारा पितळी मासा, नाक झिजलेला कोणी सेनापती, सायकलच्या तारांचा गुंता व्हावा तसं एक लोखंडी प्रकरण, त्याखाली ‘वारा’ असं लिहिलेलं. एवढी सगळी मंडळी भरचौकात उभी, आणि आपण शहरात जन्म काढूनही यांची ओळख नाही! पुढे झाडीत शिरल्यावर साधी माणसं लागली. बाकावर बसलेली, कठड्याला टेकलेली, काठीवर भार दिलेली. ही फारच हुबेहूब होती. एकाच्या बुटाची नाडी सुटलेली होती. शिल्पकाराला सुटलेली नाडी घडवावीशी का वाटली असेल, असा विचार मनात आला. मग कानमंत्र आठवला. मी नंबर टाकत पुढे गेलो.

बावीस झाले आणि वळलो, तर वडाखालच्या बाकावर आणखी एक. काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसलेला म्हातारा. शेजारी रस्त्याचं खोदकाम चालू होतं, त्याची करडी धूळ याच्यावर डोक्यापासून पायापर्यंत बसलेली. पापणी लवत नव्हती. जुन्या यादीत नसलेली वस्तू सापडणं म्हणजे डेडस्टॉकवाल्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. मी त्याच्या खांद्यामागे स्टिकर लावला, अंगठ्याने दाबून घट्ट केला आणि समोर उभं राहून, वहीत डोकं घालून, मोठ्याने उच्चारत लिहिलं: “क्रमांक तेवीस. बसलेला वृद्ध. काम सुबक. चेहऱ्यावर भाव कमी. स्थिती: बरी, किरकोळ झीज. शिल्पकार: अज्ञात.”

यादी त्याच संध्याकाळी नगरपालिकेच्या कचेरीत दिली. पोचपावती घेतली. घरी येऊन शांत झोपलो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी. आमच्या घरात माणसं चार. मी, बायको, मुलगी आणि माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून सात वर्षं ते आमच्याकडेच आहेत. कोपऱ्यातली खोली त्यांची. दुपारी फेरी मारायला जातात, संध्याकाळी येतात. बायको बँकेत काउंटरवर असते, ती दमून येते. मंगळवारी तिला वाटलं, बाबा झोपले असतील. बुधवारी मुलीला वाटलं, आजोबा आईबरोबर दवाखान्यात गेले असतील. मला काय वाटलं ते बायकोने नंतर चारचौघांत विचारलं. मला काहीच वाटलं नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी तिने गोळ्यांची डबी उघडली. वारावारांचे कप्पे असतात ना, तसली. मंगळवार रात्र भरलेली, बुधवार भरलेला, गुरुवार भरलेला. ती डबी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, बाबा कुठेत?”

आम्ही त्यांची खोली उघडली. अंथरुणाची घडी तशीच होती. मुलीने कानातली दोन्ही बोंडकं काढली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि सेक्रेटरी हसत हसत आत आले, हातात मोबाइल.

“अभिनंदन! आम्हाला सांगायचं तरी! बघा, ग्रुपवर आलंय. मनोऱ्यापाशी नवीन शिल्प सापडलं म्हणे. थेट तुमच्या सासऱ्यांसारखं दिसतं. त्यांच्यावरूनच केलं का?”

फोटोत क्रमांक तेवीस होता. मी एकतीस वर्षांत प्रथमच नंबर सोडून वस्तूकडे बघितलं.

आम्ही तिघं धावलो. सेक्रेटरीही आले, ते काहीच चुकवत नाहीत. बाबा बाकावर तसेच होते. डोक्यावर एक कबुतर बसलं होतं. आम्ही जवळ गेलो तरी ते उडालं नाही आणि बाबा हलले नाहीत. बायकोने “बाबा!” म्हणून खांद्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. “सदरा लागत नाहीये हाताला,” ती म्हणाली. मी हात लावला. खळीचं कापड कडक लागतं ना, तसं लागलं, आणि त्याखाली जरा जास्तच गार.

“भाव कमी, नाही का?” बाबांचा आवाज आला. ओठ जेमतेम हलले.

मी जागच्या जागी मेलो. “बाबा, मी तुम्हाला ओळखलं नाही हो. धूळ होती...”

“धुळीचं काय घेऊन बसलात, जावईबापू. सात वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्यासमोर दोन मिनिटं उभं राहिलं. इतकं मन लावून लिहीत होतात, मला मोडवेना.”

“झालं ते झालं. उठा, घरी चला,” बायको रडत म्हणाली. “जेवलात का काही?”

“भूक लागत नाही गं आता. इथे बरं आहे. दिवसाला चाळीस माणसं येऊन बघतात. एका मुलीने माझ्याबरोबर फोटो काढला आणि ‘थँक्यू आजोबा’ म्हणाली.” मग ते म्हणाले, “घरी कोण मोजतं मला?”

मी आणि सेक्रेटरींनी मिळून त्यांना बगलेत धरून उचलायचा प्रयत्न केला. दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचं वजन मी एकदा बघितलंय, बावन्न किलो. त्या दिवशी ते तसूभर हलले नाहीत. सेक्रेटरी कपाळाचा घाम पुसत मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे बघा, रागावू नका. पण दुसऱ्या बाजूनेही विचार करा. खायचं नाही, प्यायचं नाही, शहरात मान. आमच्या मोठ्या काकांसाठी काही करता येईल का? तेही बसूनच असतात.” बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की ते आपणहून घरी गेले. ती मात्र रात्रभर बाबांच्या शेजारी बसून राहिली. सकाळी मला म्हणाली, “नंबर तुम्ही टाकलात. तुम्हीच काढा.”

काढतो म्हणजे काय, स्टिकर ओढला की झालं! मी ओढला. तो निघेना. नखं तुटली.

शुक्रवारी उघडताक्षणी मी नगरपालिकेत. शिल्प नोंद विभाग तिसऱ्या मजल्यावर, जिन्याखालून आणखी एक जिना चढून. आत एकच टेबल आणि त्यामागे जाड भिंगांच्या, आवाज न वाढवणाऱ्या नोंदणीबाई. मी सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

“नंबर पडला की वस्तू नगरपालिकेची,” त्या म्हणाल्या. “यादीतून कमी करायची तर निर्लेखनाचा अर्ज. कारण लिहा.”

अर्जावर कारणं छापलेली होती: तुटलेले, हरवलेले, चोरीस गेलेले, गंजलेले. मी खाली पेनाने ‘जिवंत’ असं लिहिलं आणि समोर चौकोन काढून बरोबरची खूण केली.

“मग हयातीचा दाखला लागेल.”

“देतो की! कुठे मिळतो?”

“तळमजल्यावर. ज्याचा आहे त्याने स्वतः चालत यायचं.”

“ते जागचे हलत नाहीत, म्हणून तर आलोय!”

“जे हलत नाही त्याला हयात कसं म्हणायचं?” हे त्यांनी चिडून विचारलं नाही. खरंच विचारलं.

माझा पारा चढला. मी म्हटलं, बाई, मीही या धंद्यात केस पांढरे केलेत, मला नियम शिकवू नका, मूळ रजिस्टर दाखवा. त्यांनी निमूटपणे ते माझ्यापुढे सरकवलं. जुनं, कापडी बांधणीचं. बैल: अमुक शिल्पकार, अमुक साली बसवला. मासा, सेनापती, वारा: सगळ्यांची नावं, सालं, ठराव. अशी अकरा. पुढच्या अकरांसमोर ना साल, ना ठराव. वर्णनं तेवढी वेगवेगळ्या हातांची. उभा गृहस्थ, काम चांगलं. टेकलेली बाई, कपडे साधे. आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकासमोर एकच शब्द: अज्ञात.

“हे अकरा कोणी आणले?” मी विचारलं.

नोंदणीबाईंनी चष्मा पुसला. “काही आणलेले असतात, काही आलेले असतात,” त्या म्हणाल्या. “यायचे, बसायचे. कोणी न्यायला आलं नाही की मोजणीवाला येतोच.”

मी खालच्या आवाजात म्हटलं, “बाई, काहीतरी वाट असेलच. आपण कारकून माणसं. वाट असल्याशिवाय नियम नसतो.”

त्या प्रथमच माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, “घडवणाऱ्याचं नाव माहीत असेल तर वस्तू ‘अज्ञात’ खाली धरता येत नाही. ती यादीतून आपोआप गळते. पण पाटी बसायच्या आत. पाटी उद्या अकराला.”

“चार दिवसांत पाटी?”

“या कचेरीत तेवढं एकच काम वेळेवर होतं.”

जिना उतरता उतरता मी बायकोला फोन लावला. बाबांना घडवलं कोणी? त्यांच्या आईने. आईचं नाव काय? मग ती म्हणाली, “आजी.” मग स्वतःशीच, “मी तिला आजीच म्हणायचे. नाव... कोणी कधी घेतलंच नाही हो.” तिने मावशीला, आत्याच्या मुलाला, सगळ्यांना विचारून बघितलं. ती बाई सहा पोरं वाढवून गेली आणि तिचं नाव एकालाही माहीत नव्हतं. माहीत असलेला एकच माणूस उरला होता, आणि शुक्रवारी सकाळपासून त्याचे ओठ हलायचे थांबले होते.

शनिवारी पावणेअकराला पाटीवाला आला. ड्रिलमशीन, वायरचं भेंडोळं, पितळी पाटी. माणूस गप्पिष्ट होता. “गुडघ्यावर बसते पाटी,” त्याने सांगितलं. “त्या अकरांनाही गुडघ्यालाच आहे. घाबरू नका वहिनी, ड्रिल लावेपर्यंत सगळे गार झालेले असतात.” त्याने बाबांच्या गुडघ्यावर बोटाने ठोकून बघितलं. टण्ण वाजलं. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची बोटं अजून उमटलेली आहेत.

मी बाबांसमोर उकिडवा बसलो. “बाबा, आईचं नाव सांगा.” काही नाही. विनवण्या केल्या, हात जोडले, पाया पडलो. डोळे उघडे होते आणि माझ्या पलीकडे कुठेतरी लागलेले. पाटीवाला वायर जोडत होता. मला दुसरं काही येत नाही हो. मला एकच काम येतं, ते मी करायला घेतलं. वही काढली, क्रमांक तेवीसचं वर्णन खोडलं आणि नव्याने लिहू लागलो. या वेळी मान वर करून.

“सदरा करडा नाही, निळा आहे,” मी मोठ्याने म्हटलं. “वरून तिसरं बटण वेगळं आहे, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं. टाके वाकडे. म्हणजे स्वतः शिवलंय. घरात शिवणयंत्र असून यांनी कोणाला सांगितलं नाही.” मी पुढे लिहीत गेलो. “हनुवटीखाली दाढीची एक रेघ राहिलीय, तिथे दिसत नसणार. चष्म्याची डावी काडी तारेने बांधलीय. बुबुळं... काळी नाहीत. तपकिरी आहेत. सात वर्षं एका टेबलावर जेवतो आम्ही, मला वाटायचं काळी. भाव कमी लिहिलं होतं, ते चूक. भाव पुष्कळ आहेत. मला वाचता येत नाहीत एवढंच. बाबा, मला माफ करा.”

ड्रिल सुरू झालं. त्या आवाजात मला आधी कळलं नाही. काठीवरचा उजवा अंगठा थरथरत होता.

“अंगठा थरथरतो!” मी ओरडलो. पाटीवाल्याने बटण बंद केलं आणि वाकून बघितलं. “आयला,” तो म्हणाला, “हा हलला.”

“त्या बटणाला,” बाबा म्हणाले, आणि एकेक शब्द गंजलेल्या बिजागरीसारखा निघत होता, “मी अर्धा तास लावला होता. सुईत दोरा जाईना.” मग त्यांच्या तपकिरी डोळ्यांतून पाणी आलं, धुळीत ओघळ पाडत खाली गेलं, आणि त्यांनी आईचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. ते रजिस्टरात आहे, शिल्पकार या रकान्यात, माझ्या अक्षरात, आणि मी ते घरातल्या सगळ्यांकडून दहा दहा वेळा म्हणून घेतलं आहे. पाटीवाल्याने कचेरीत फोन केला, हूं हूं केलं, वायर गुंडाळली आणि पितळी पाटी पिशवीत टाकली. बरंच काम फुकट गेलं, असं काहीतरी पुटपुटत तो गेला.

बाबांना उठवायला अर्धा तास लागला. आधी पाठ, मग गुडघे, प्रत्येक सांधा कुरकुरत होता. एका बाजूने बायको, एका बाजूने मी. आम्ही निघालो, तर मनोऱ्याच्या मागच्या बाजूला बाबा थांबले. तिथे कठड्यावर एक बाई बसलेल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. गुडघ्यावर पितळी पाटी. कडा हिरव्या पडलेल्या.

“या एकच नंबर म्हणत असतात सारखा,” बाबा म्हणाले. “आधी ओठांनी म्हणायच्या, आता ओठ न हलवताच ऐकू येतं. फोनचा आहे. लिहून घ्या.”

मी नको म्हणालो. बायको म्हणाली, “घ्या.” बाबांनी एकेक आकडा सांगितला, मी एकेक दाबला. पाच वेळा वाजला आणि एका माणसाने उचलला. मागे टीव्ही जोरात चालू होता.

“माफ करा,” मी म्हटलं, “आपल्या मातोश्री कुठे आहेत?”

“आई? आतल्या खोलीत आहे. का? कोण बोलतंय?”

“आपण जरा बघून येता का?”

“अहो, आहे म्हणून सांगतोय ना! आत्ताच तर...” तो थांबला. “आत्ताच तर मी...” पुन्हा थांबला. “धरा हं जरा.”

चपलांचा आवाज लांब गेला. दार ढकलल्याचा आवाज झाला. मी फोन कानाला लावून उभा होतो, बाबांनी त्या बाईंच्या हातावर आपला हात ठेवला होता. बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू येत राहिला. मग पलीकडे कोणीतरी तो बंद केला.